'काही नाही' म्हणणाऱ्या दादाला

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, पण फुशारकी मारायला सख्खा भाऊच लागतो.

जेवताना सगळे हसले की मी विचारायचे, "काय झालं?" तू म्हणायचास, "काही नाही गं." बहिरेपणानं केलं नाही इतकं एकटं मला त्या 'काही नाही'नं केलं.

आता कानाच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. आज एक म्हातारे शिंपी मुलीबरोबर आले होते. विचारलं त्यांना की उत्तर मुलगी द्यायची, "मशीन लावा बाई, टीव्ही फार मोठा करतात." शेवटी मी खुर्ची ओढली, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "तुम्हाला काय ऐकायचंय?"

मुलीकडे बोट करून ते म्हणाले, "हिचं बोलणं. परत विचारलं की म्हणते, काही नाही."



निघताना मुलगी दारात काहीतरी पुटपुटली. "काय?" म्हातारबांनी विचारलं.

"काही..." ती थांबली. वळून त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, "बाबा, जिना जपून उतरा."

एवढंच वाक्य, दादा. पण अख्खं. आणि ते माझ्या खोलीत बोललं गेलं!

दहादा विचारायलाही न लाजणारी,
तुझी ठमी