कपाटामागचं दार

प्रिय नातवा,

सुरुवातीला प्रिय लिहायचं असतं, एवढं दुसरीपर्यंतच्या शाळेत शिकले म्हणून लिहिलं. हुरळून जाऊ नकोस. फोन केला की तू ‘बघू आजी’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा कागद तुझ्या गावच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. संध्याकाळपर्यंत मिळेल.

भूकंपाचं तुझ्या बापाने सांगितलंच असेल. दोन भांडी पडली म्हणाला असेल. त्याचं घर पडलं तरी तो भांडीच मोजेल. मी भाजी निवडत होते. वाटलं, वरच्या मजल्यावरच्या जुळ्या पोरी दोरीवर उड्या मारतायत. शिवी ओठावर आली, तोवर भरलेली बादली आपोआप सरकायला लागली. भिंतीपलीकडच्या खोलीतून धाकटी बहीण ओरडली, ताई, मला चक्कर येतेय गं. मी म्हटलं, तुला नाही, घराला येतेय. बोलले खरी, पण हातातली सुरी काही केल्या खाली ठेवता येईना.

धाकटीचे डोळे गेले तेव्हाचं आठव. दिवसभर भिंतीवर टकटक. ताई, आहेस ना? मी बाहेरून वळसा घालून तिच्या दारात पोचेपर्यंत पुन्हा टकटक. शेवटी तुला म्हटलं, जगाचं काँक्रीट कापतोस, आजीला एक दार पाडून देत नाहीस? तू मशीन आणलंस आणि चहा उकळेपर्यंत भिंत आरपार. चार बोटं जाडी, आत काडीएवढ्या तारांची एकच जाळी. आजी, ही भिंत नव्हे, पुठ्ठा आहे, म्हणून तू हसलास. मीही हसले. आमच्या काळात घमेली वाहिली मी, खांब जाड असायचे आणि भिंत नुसती आडोशाला. पुठ्ठा कसला भार तोलणार? तू मात्र घुटमळलास. वर चार मजले आहेत, कुणाला विचारू का म्हणालास. मी म्हटलं, साहेब नाही म्हणायलाच बसलेला असतो. हे माझे शब्द, लक्षात ठेव.

हादरा बसला आणि त्या दाराच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर गेला, केसाएवढा. दुसऱ्या दिवशी तपासणीला इंजिनियर बाई येणार म्हणून कळलं. मी दारासमोर कपाट ढकललं, वर ट्रंका रचल्या, धाकटीच्या बाजूने चादरी टांगल्या. तिला बजावलं, आंधळी आहेस तशी तासभर मुकी हो. घर रिकामं करायला लावलं तर हिला घेऊन जाऊ कुठे, एवढंच डोक्यात. बाई भली होती. म्हणाली, आजी, इथे खांब नाहीतच, या पातळ भिंतीच खांब आहेत. एक फोडली तरी वरचं ओझं कुठे जाणार? नशीब, तुमच्याकडे कुणी फोडली नाही. माझी पाठ तेव्हा कपाटाला टेकलेली होती.

ती गेल्यावर जुन्या गवंड्याची युक्ती केली. खळ लावून तड्यावर कागदाची पट्टी चिकटवली; पट्टी फाटली की तडा वाढतोय समजायचं. रोज ट्रंक सरकवून बघायची. परवा वरच्या पोरींनी दोरी काढली तशी मी जिना चढून त्यांच्यावर ओरडून आले. त्यांना वाटलं म्हातारी खवळली. म्हातारी घाबरली होती रे. आज सकाळी पट्टी मधोमध फाटलेली होती. तिचा अर्धा तुकडा यात घातलाय.

उद्या बाई पुढच्या इमारतीत येतेय. तिचा हात धरून आणणार आणि कपाट हटवणार. धाकटीचं काय ते बघू, उघड्यावर दोघी बसू. कुणी पाडलं विचारलं तर खरं सांगेन, आणि तूही सांग: पोरगा विचारू म्हणत होता, आजीने अडवलं. पण माझ्या दारासाठी हे पत्र नाही. माझं दार बघून खालच्या शिंप्याने तुला बोलावलं होतं, त्याचं बघून आणखी कुणी. मीच तोंड भरून तुझं कौतुक सांगत हिंडत होते. या ओळीत सहा इमारती आहेत. कुठल्या घरातली भिंत कापलीस ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि प्रत्येकाकडे एक कपाट आहे. आठव, एकूण एक लिही, आणि परतीच्या बसने कागद घेऊन स्वतः ये. ‘बघू’ म्हणू नकोस.

तुझीच,
जिने तुला विचारू दिलं नाही ती आजी