सिलिंडरची बाळंतशेगडी

७ जानेवारी १९७५, सातारा

गॅस मेला! म्हणजे मेला नाही, निजला. पहाटेच्या थंडीत ज्योत काजव्याएवढी. चहाला आधण येईना. मामंजी रिटायर हवालदार, पण आळीत पहिला गॅस आमचा म्हटल्यावर चाल सुभेदाराची. सिलिंडरला हात लावून निदान केलं — "गारठलंय त्ये."

मी बाजेवरून ऐकत होते. थंडीत प्रवास नको म्हणून मला माहेरी धाडलं नाही, बाळंतपण इथंच झालं. हे पलटणीत. बाळंतीण मी, चौकशी सिलिंडरची.

८ जानेवारी

सिलिंडरला गोधडी. वरून मामंजींची कानटोपी. तीट तेवढी राहिली.

१० जानेवारी

गोधडीनं काही झालं नाही. लोखंडाच्या अंगात मुळात ऊब कुठली, की गोधडी ती धरून ठेवील? दुपारी स्वयंपाकघर तापलं की ज्योत आपोआप उठते. पण दुपारी मामंजी झोपलेले असतात.

आज हुकूम सुटला — "शेक द्या त्येला." सासूबाई माझ्या बाजेखालच्या शेगडीकडं बघत म्हणाल्या, "पोरगीच तर हाय. हिला कशाला एवढा शेक?"

पोरगीच! मुलगा असता तर बाजेखाली गुऱ्हाळ पेटवलं असतं. फार लागलं मनाला.

तरी मी म्हटलं, "आवं मामंजी, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या सायकलची ट्यूब उन्हात उभ्या उभ्या फुटली. आतली हवा तापली की जोर करती. ह्याचं बी तसंच हुईल."

"सायकल येगळी, गॅस येगळा. ही लोखंडी टाकी हाय. म्याट्रिक झालीस म्हणून लय डोस्कं चालवू नगंस."

११ जानेवारी

उद्या पहाटे शेगडी सिलिंडरला टेकवून पेटवायची, असं ठरलंय. स्वयंपाकघर आणि माझी बाज, मध्ये फक्त कूड. मला भीती वाटते, बाळासाठी जास्त.

सासूबाईंना विचारलं, "फुटलं म्हंजे?"

"त्येला काय धाड भरलीया? तुला इतकं दिस शेकलं, तू फुटलीस व्हय?"



१२ जानेवारी, आष्टा

सगळे उठायच्या आत निघाले, पहिल्या एस.टी.नं माहेरी आले. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात थंडगार शेगडी.

कंडक्टर म्हणाला, "ताई, बाळ ठीक हाय. शेगडी कशाला?"

म्हटलं, "घरात एकच हाय."