पुराव्यासाठी कॉलर माइक

३ मार्च
आजपासून मौन. फिल्मची कल्पना कुणालाही सांगायची नाही. जगभरच्या गाजलेल्या माहितीपटांची अशी टर उडवायची की लोकांनी पोट धरून हसावं. जंगलातले प्राणी, गुन्ह्याचा तपास, थोर माणसाचं चरित्र, तिन्ही प्रकार एकाच मॉक्युमेंटरीत. शूटिंग मी नोकरी करतो त्या चष्म्याच्या दुकानात. जूनमध्ये हौशी फिल्म मंडळाची स्पर्धा आहे. पहिलं बक्षीस आपलंच.

३ मार्च, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. बायको म्हणजे काही ‘कुणी’ नव्हे. तिने तिच्या भावाला सांगितलं. मेहुणा हसला. कल्पना आवडली म्हणून, की चोरायची म्हणून?

५ मार्च
कॅमेरा आणि एडिटिंग मेहुण्याकडे दिलं. नाइलाज. कॅमेरा त्याचा, कॉम्प्युटर त्याचा. तो समारंभांचे व्हिडिओ करतो. सध्या काम कमी म्हणून दोन महिने आमच्याकडे राहायला आलाय. हे दोन महिने मागच्या वर्षी सुरू झाले.
खबरदारी म्हणून त्याच्याकडूनच एक कॉलर माइक घेतला. दिवसभर लावून ठेवणार. कुठला विनोद आधी कुणाला सुचला, याचा पुरावा राहील. त्यातलं रेकॉर्डिंगचं कार्ड रोज संध्याकाळी मेहुण्याकडे द्यायचं, तो ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवेल. चोख व्यवस्था.

९ मार्च
जंगलाचा भाग. काउंटरमागे दबा धरून मी कुजबुजत निवेदन केलं : ‘वयस्क नर आरशापाशी येतो. नवी फ्रेम चढवतो. मान डावीकडे, मान उजवीकडे. मादीला फ्रेम पसंत नाही. नर माघार घेतो.’ मादीने ऐकलं. मादी कुणाला म्हणता, असं विचारून बाई नवऱ्याला घेऊन निघून गेल्या. मालक म्हणाले, जंगल दुकानाबाहेर उभारा. मालकाचा माझ्यावर आधीपासून राग आहे. कारण शोधायला हवं.

१२ मार्च
मेहुणा म्हणाला, भावोजी, प्रत्येक विनोदानंतर तो समजावून सांगायलाच हवा का? प्रेक्षकांवर सोडून बघू. मी म्हटलं, प्रेक्षकांवर सोडलं की ते भलत्याच ठिकाणी हसतात. मला पाडायचा डाव होता, हाणून पाडला.

१८ मार्च
गुन्ह्याचा भाग. चष्मा नाकावर टेकतो त्या रबरी गाद्यांचं पाकीट दुकानातून गायब, असं कथानक. मशीनवर काचा घासणाऱ्या काकांच्या तोंडावर दिवा मारून उलटतपासणी केली. काका म्हणाले, तुझ्याच खिशात बघ. बघितलं. होतं. पण ठेवलं कुणी?

२६ मार्च
बायको आणि मेहुणा स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी जाताच गॅस सिलिंडरचा विषय निघाला. भावाबहिणीने सिलिंडरवर इतकं हळू बोलायचं कारण काय?
मेहुणा बाजारात गेल्याची खात्री करून घेतली. मग दार लावलं, खिडकी लावली आणि बायकोला स्पष्ट सांगितलं. तुझा भाऊ म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. अन्न आपलं, छप्पर आपलं, आता फिल्मही गिळायला बसलाय. बोजा झालाय बोजा. बायको एवढंच म्हणाली, हळू बोल. मी म्हटलं, ऐकतंय कोण? गुप्तता कशी राखायची ते माझ्याकडून शिकावं.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे मेहुण्याला कार्ड दिलं.

२७ मार्च
मेहुणा नीट जेवला नाही. नजरेला नजर देत नाही. मनात पाप असलं की असंच होतं.

१५ एप्रिल
थोर माणसाचं चरित्र. योग्य माणूस न मिळाल्याने मीच. खिडकीत बसून माझ्या संघर्षाबद्दल बोललो. मेहुणा म्हणाला, यात टर कुठाय? खरंच राहून गेली. पण इतकं सुंदर झालंय की हात लावायचा नाही.

२ मे
एडिटिंग झालं. मेहुणा दाखवत नाही. म्हणतो, भावोजी, थेट पडद्यावर बघा. त्याच्या ताईला मात्र दाखवलं. बायको दिवसभर हसते आहे, मध्येच डोळे पुसते. कॉम्प्युटरला पासवर्ड आहे. माझं नाव टाकून पाहिलं, बायकोचं टाकलं, ‘नागोबा’ टाकलं. उघडेना.

६ जून
फिल्म सुरू झाली. पडदा काळा आणि माझा आवाज : ‘पुरावा हवा. मेहुण्याच्या डोळ्यांत मला चोर दिसतो.’ हॉलमध्ये हशा फुटला. हे मी फिल्मसाठी बोललोच नव्हतो! हे दुकानातल्या आरशासमोर, मी माझ्याशी.
मग सगळं तसंच. काकांवर दिवा, माझा हात माझ्याच खिशात. खिडकीतला संघर्ष आला तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीतून घसरले. माझ्या ठेवणीतल्या विनोदांवर कुणी हूं की चूं केलं नाही. तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माइक रोज कॉलरला होता. सव्वीस मार्चलाही होता!
खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. बायको शेजारी, मेहुणा तिच्या पलीकडे, आणि आता पडद्यावर नागोबा येणार.
आला नाही. फिल्म संपली.
बक्षीस मिळालं, सर्वोत्कृष्ट अभिनयाचं. मी या फिल्ममध्ये कुठेही अभिनय केलेला नाही. परीक्षकांना तसं सांगितलं. तेही हसले.

७ जून
सकाळी उठलो तर मेहुण्याची गादी गुंडाळून ठेवलेली. मेहुण्याला दुसऱ्या गावी काम मिळालंय. आधीच मिळालं होतं, म्हणे. फिल्मसाठी थांबला होता. बायकोने सांगितलं, सव्वीसचं त्याने त्याच संध्याकाळी ऐकलं. तिच्यासमोर पुसून टाकलं आणि म्हणाला, हे भावोजींना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल.
मला वाईट वाटलं. फार वाटलं.
दुपारी फोन केला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं. त्याने फोन उचलला आणि विचारलं, भावोजी, जेवलात का?
मी जेवलो म्हटलं. ठेवला.
यात त्याचा काय डाव असेल, याचा तेव्हापासून विचार करतोय. सापडत नाही.