मल्लिका कुंडूंची बदली आम्ही रद्द करवली त्याची हकीकत

कृष्णनगर, नदिया
मंगळवार, २२ नोव्हेंबर १९८८

श्रीचरणेषु बडदा,

आपल्या आणि बौदींच्या (वहिनींच्या) चरणी शिवतोषचे साष्टांग प्रणाम. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? होमिओपॅथीच्या गोळ्या चालू असतील तर कच्चा कांदा बंद ठेवावा, असं आपणच मला बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, म्हणून आठवण करून देतो. बौदींचा दमा चंदननगरच्या थंडीत बळावला नसेल अशी आशा आहे. इकडे आपली भगिनी रेबा कुशल आहे. मी तर इतका कुशल आहे की माझं मलाच ओळखू येत नाही. गळ्यात झेंडूचा हार घालूनच हे पत्र लिहायला बसलो आहे. (काढायचा होता, पण रेबा म्हणाली, "राहू दे, रोज रोज कोण घालतंय तुम्हाला!") आपण लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल सासऱ्यांना म्हणाला होतात की मुलगा सालस आहे, पण पाठीला कणा दिसत नाही. बडदा, मनात राग नाही. फक्त पुढची हकीकत चष्मा लावून वाचावी.

आपल्याला माहीतच आहे की मी आमच्या बँकेच्या अधिकारी संघटनेचा जिल्हा सचिव आहे. कसा झालो हेही माहीत आहे (निवडणुकीच्या दिवशी मी रजेवर होतो). अधिकाऱ्यांची संघटना म्हणजे विचित्र प्रकार असतो. कारकुनांची संघटना सरळ असते, त्यांना साहेब समोर दिसतो. आम्ही मात्र खालच्यांचे साहेब आणि वरच्यांचे हरकामे. त्यामुळे मूठ वळायची तर आधी इकडेतिकडे बघावं लागतं. तरी लोकांना वाटतं की ही मंडळी पगारवाढ मागायला जन्माला आली आहेत. वरच्याने फोनवरून "करून टाका हो" म्हटल्यावर जो अधिकारी "लेखी द्या" असं म्हणू शकतो, तो कुणाच्या जोरावर म्हणतो? आमच्या जोरावर. लोकांच्या ठेवी सुखरूप आहेत त्यात या दोन शब्दांचा मोठा वाटा आहे. ते म्हणायचं बळ एकट्याच्या अंगात नसतं, हे मला या महिन्यात कळलं.

झालं असं. आमच्या शाखेत मल्लिका कुंडू नावाच्या अधिकारी आहेत. नवरा वारलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी टुकटुक येत्या मार्चमध्ये दहावीच्या माध्यमिक परीक्षेला बसणार. ऑक्टोबरच्या शेवटी विभागीय साहेबांनी ठेवी गोळा करायचा पंधरवडा जाहीर केला आणि सगळ्या अधिकाऱ्यांनी रात्री आठपर्यंत बसायचं असं बैठकीत सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मल्लिकादी उठून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अधिकाऱ्याला घर असतं की नसतं, एवढं एकदा परिपत्रक काढून कळवा. म्हणजे सासूबाईंना दाखवता येईल." कोणीतरी हसलं. (मीच हसलो. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे.) आठव्या दिवशी त्यांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. बाडमेर. राजस्थान. बडदा, नकाशात बोट ठेवून बघा, तिथे बोटालासुद्धा तहान लागते. परीक्षेला चार महिने असताना मुलीला कुठल्या शाळेत घालणार आणि सासूबाईंना तीन दिवसांच्या आगगाडीत कशा नेणार? नोकरी सोडली तर घर चालत नाही. त्या संघटनेच्या खोलीत आल्या, हुकूम टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "शिवतोषदा, अकरा वर्षं वर्गणी भरली. आज पहिल्यांदा काही मागायला आले." त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

विभागीय साहेब म्हणजे परिमल दत्तगुप्त. हे एकेकाळी आमच्याच संघटनेचे सरचिटणीस होते. काय भाषणं! कृष्णनगरच्या टाऊन हॉलमध्ये ते बोलायला उभे राहिले की पंखे बंद करायचे, म्हणजे एक शब्द वाया जाऊ नये. मग बढती मिळाली, आणि माणूस टेबलाच्या पलीकडे गेला. आमच्यात हे नेहमीचंच. पण पलीकडे गेलेल्या माणसाला आपले सगळे डावपेच पाठ असतात, ही खरी पंचाईत. आमचं शिष्टमंडळ गेलं तेव्हा त्यांनी चहा पाजला, टुकटुकच्या अभ्यासाची चौकशी केली आणि म्हणाले, "शिवतोष, आता तू काळी फीत लावशील, मग दुपारच्या सुट्टीत फाटकावर सभा घेशील, मग थंडावशील. जा, सुरू कर." आम्ही गेलो आणि सुरू केलं. दुसरं काय करणार!

फाटकावरच्या सभेबद्दल न लिहिलेलंच बरं, पण आपण घरचे, म्हणून लिहितो. अधिकाऱ्यांना घोषणा देता येत नाहीत. मी ओरडलो, "दत्तगुप्तसाहेब, आपण हा हुकूम मागे घ्यावा!" मागून उत्तर आलं, "घ्यावा, घ्यावा." समोर कारकुनांच्या संघटनेची पोरं विडी ओढत मजा बघत होती. त्यातला एक ओरडला, "बाबू, मूठ वळा, मूठ! हात काय जोडताय, सत्यनारायण आहे का?" भाषण रंगात आलं आणि सुट्टी संपली, तेव्हा दहा मिनिटं वाढवून मिळावीत म्हणून मी आत जाऊन शाखा व्यवस्थापकांची परवानगी मागितली. त्यांनी दिली नाही. वरच्या मजल्यावर विभागीय कचेरी आहे, तिच्या खिडकीत दत्तगुप्त उभे होते. हसत होते की नाही ते मला दिसलं नाही, आणि पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी आमचे खजिनदार हरिहर साधुखाँ (वय सत्तावन्न, पोटात कायम वायू, तोंडात कायम ओव्याचा अर्क) म्हणाले, "संप करायची आपली छाती नाही. पण नियमाने काम करायला छाती लागत नाही. ते तर आपलं कर्तव्यच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बँकेच्या नियमपुस्तिकेचे तीन खंड काढले. कसर लागलेले, एकमेकांना चिकटलेले. सोमवार चौदा तारखेपासून त्यातला प्रत्येक नियम पाळायचा असं ठरलं. बडदा, आपल्या देशातली बँक चालते ती निम्मी नियमांनी आणि निम्मी माणसांच्या समजुतीने. समजूत काढून घेतली की नुसते नियम एक दिवससुद्धा तग धरत नाहीत. तिजोरीची खोली बंद करताना आत कोणी राहिलं नाही याची दोन अधिकाऱ्यांनी खात्री करावी, असा नियम आहे. आम्ही दोघांनी दारात उभं राहून तीन तीन वेळा हाका मारल्या, "आत कोणी आहे का हो?" आणि उत्तराची वाट पाहिली. सही नमुन्याशी ताडून पाहावी, असा नियम आहे. साधुखाँबाबूंनी भिंग आणलं, आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या बायकोची सही नापास केली. (त्या रात्री त्यांना जेवण मिळालं नाही. संघटनेसाठी त्यांनी तेही सोसलं. पोटाला उलट बरं वाटलं म्हणाले.) रोजच्या टपालातलं प्रत्येक परिपत्रक प्रत्येक अधिकाऱ्याने वाचून सही करावी, असा नियम आहे. आम्ही वाचू लागलो. खरोखर वाचू लागलो. तिसऱ्या दिवशी रांग पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. आमचे कृष्णनगरचे लोक चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी घरून बसायला वेताचे मोडे आणले, मुरमुरे आणले आणि रांगेतच अड्डा जमवला. मल्लिकादींचं प्रकरण गावभर झालं ते त्या अड्ड्यामुळे. आमच्या भाषणांमुळे नव्हे, हे कबूल करतो.

काल सोमवारी कलकत्त्याच्या मुख्य कचेरीतून फोन खणखणला आणि दत्तगुप्तसाहेब स्वतः खाली शाखेत आले. तरातरा काउंटरच्या आत शिरणार, तोच साधुखाँबाबू उठून आडवे आले. "ओळखपत्र?" बडदा, वीस वर्षं दोघांनी एका डब्यातलं जेवण खाल्लं आहे! साहेब म्हणाले, "हरिहर, वेड लागलंय का?" साधुखाँबाबू म्हणाले, "मी आपल्याला ओळखतो साहेब, पण नियम ओळखत नाही." ओळखपत्र साहेबांच्या घरी दुसऱ्या कोटात होतं. ते आणायला गाडी गेली, आणि विभागीय साहेब ग्राहकांच्या बाकावर बसले. शेजारी गोआडी बाजारातली मासेवाली पारुलमासी. तिने पाटी पायाशी घेतली, साहेबांना न्याहाळलं आणि विचारलं, "तुमच्याही खात्याचं पान हरवलंय का बाबू?" मग साहेब कोण हे न कळताच तिने त्यांना अर्धा तास सुनावलं. मल्लिकादीदी तिचा अर्ज कसा भरून देते, अंगठा लावताना हात कसा धरते, आणि अशा दीदीला वाळवंटात धाडणाऱ्या मुडद्याला जन्मात काटा नसलेला मासा मिळू नये, वगैरे. साहेब ऐकत होते. शेवटी वैतागून ओरडले, "मला कुठल्या नियमाखाली बसवलंय ते दाखवा!" साधुखाँबाबूंनी अदबीने तिसरा खंड त्यांच्या हातात दिला.

ते पानं उलटत गेले आणि शेवटाला थांबले. त्या खंडाच्या मागे १९७४ सालचा बदल्यांचा करार बांधलेला होता. कलम चौदा: ज्या अधिकाऱ्याचं मूल शाळेच्या अखेरच्या परीक्षेला बसणार असेल, ती परीक्षा संपेपर्यंत त्याची बदली होणार नाही. खाली संघटनेच्या वतीने सही, परिमल दत्तगुप्त. (आपण विचाराल, तुम्हाला हे कलम आधी माहीत नव्हतं? बडदा, त्या कराराचा विजयोत्सव आम्ही दर वर्षी करतो, रसगुल्ले वाटतो. वाचायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.) साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. भिंग मागून घेतलं आणि आपली सही बघितली. मग हळूच म्हणाले, "अकरा दिवस उपोषण केलं होतं रे या एका ओळीसाठी. मीच विसरलो." मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. पारुलमासीने त्यांना आपल्या पदराचा कोरडा कोपरा दिला चष्मा पुसायला. त्याला माशांचा वास येत होता, पण त्यांनी पुसला.

आज दुपारी बारा वाजता बदली रद्द झाल्याचा हुकूम आला. मग काय! कारकुनांची पोरं ढाक बडवत आली. मिरवणूक निघाली. मी मूठ वळली, बडदा, दोन्ही हातांच्या वळल्या! अधर मिठाईवाल्याकडचा सरभाजा संपला. टुकटुकने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आता नापास झाले तर कारणच उरलं नाही." मल्लिकादींनी अकराव्या वर्षाची वर्गणी आधीच भरलेली होती, तरी बाराव्याची पुढे केली. रेबाने आज मुगाच्या डाळीत रोहूचं डोकं घातलं आहे, वास इथवर येतो आहे. तेव्हा आता आवरतो. कणा आहे की नाही ते आपणच ठरवावं.

आपला विजयी
शिवतोष

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. काल भिंग परत देताना दत्तगुप्तसाहेब म्हणाले, "बाडमेरची जागा रिकामी ठेवता येत नाही. नाव संघटनेनंच सुचवावं." पलीकडे गेलेला माणूस! आम्ही नऊ जण उभे होतो. आठ जण आपापल्या चपला बघू लागले. सचिवाची बदली करता येत नाही असंही एक कलम आहे, ते मला आता पाठ आहे. पण बडदा, मल्लिकादी काउंटरमागून बघत होत्या, आणि माझा हात कसा वर गेला ते मला खरंच माहीत नाही. पाच डिसेंबरला तिथे हजर व्हायचं आहे, दोन वर्षांसाठी. रेबाला अजून सांगितलेलं नाही. दत्तगुप्तांसमोर उभा राहिलो, पण हे माझ्याने होत नाही. आपण रविवारी याल का? आल्यावर आधी गुडघ्याविषयी बोलावं, मग हळूच हे. माझी बदली जुलमाने झाली असं सांगितलंत तर फार उपकार होतील.

पुनश्च ता. क. येऊ नका. पाकिटाला खळ आणायला स्वयंपाकघरात गेलो, तेवढ्यात रेबाने पत्र वाचलं. तिला दुपारीच कळलं होतं, मल्लिकादी येऊन तिच्या खांद्यावर रडून गेल्या. हार काढू नका म्हणाली ते त्यानंतर. तिने वहीच्या पानावर मागण्यांची यादी लिहून माझ्यापुढे ठेवली आहे, एकूण अकरा. मी एकाही मागणीवर चर्चा न करता सगळ्या मान्य करून सही केली. पहिली मागणी अशी आहे की तिकिटं दोन काढावीत.