चिंचेचा धूर

अप्पा, आज तो जस्ताचा पत्रा पुन्हा बाहेर काढला. समया ओतणारी आपली गल्ली मी त्यावर सुईनं ओढली होती आणि अ‍ॅसिडमध्ये बुडवून रेघा खोल केल्या होत्या. भट्टीपाशी वाकलेली माणसं, त्यांत तोंडावर पंचा धरून खोकणारे तुम्ही. वरचं आभाळ मात्र कोरंच राहिलं होतं, आणि परीक्षा दोन दिवसांवर आलेली.

कॉलेजातून घरी येते तर तुम्ही त्या कोऱ्या भागाला चिंच-मीठ फासून पत्रा उन्हात ठेवलेला, समईला लावावं तसं. "काळा पडला होता गे. चकचकीत करूं म्हटलें." चिंचेनं जस्त खाल्लं होतं, नुसते डागच डाग. "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका!" मी ओरडले, तेही घरचं मराठी सोडून तमिळमध्ये, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं. तुम्ही हात धुवायला परसात गेलात ते बराच वेळ आला नाहीत.

दुसरा पत्रा नव्हता, म्हणून त्यालाच शाई चोळून छाप घेतला. कागद उचलला तर माणसांच्या डोक्यावर धूर उतरलेला. दाट, ओलसर, अगदी आपल्या भट्टीचा. परीक्षेला वर्गात सर कितीतरी वेळ बघत राहतात. हे कसं साधलंस, म्हणतात. मी म्हणते, राळेची पूड टाकून, पुस्तकात आहे तसं. तेव्हा तुम्ही माझा डबा घेऊन दारात उभे आहात. संध्याकाळी एवढंच म्हणालात, "धूर बरा आला गे."

पुढे भट्टीच्या त्याच धुरानं तुमची छाती भरली आणि तुम्ही गेलात. आता मी त्याच वर्गात शिकवते आणि ते चित्र तिथल्या भिंतीवर आहे. घरी आपलं मराठी बोलायला कुणी उरलं नाही. कधी 'कोठें ठेवलें' असं तोंडून निघतं आणि उत्तर येत नाही, तेव्हा फार एकटं वाटतं. आज नव्या पत्र्यावर चिंच लावून पाहिली. डाग येतात, धूर येत नाही. मीठ किती घालत होतात, ते विचारायला हवं होतं.

हे पत्र पत्र्याखालीच ठेवीन. काल एका मुलीनं वही उघडून विचारलं, मॅम, हा धूर कसा केला? मी परत राळच सांगितली.