राखणीची काठी

प्रिय रजिया,

उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, पण वाचण्याआधी हे पत्र फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपल्या डोंगरावरचं गवत यंदा कमरेला लागतंय. फॉरेस्टवाल्यांनी आणि गावच्या समितीने मिळून चर खणले, झाडं जगवली. आता पेपरातल्या फोटोत पुढे उभी राहिलेली निम्मी माणसं मी डोंगरावर कधी पाहिली नाहीत. सभेत तसं बोलले, तर अध्यक्ष ज्ञानेश्वर म्हणाला, “बाई, तुमी रिटायर झाल्या, पर तुमचं तोंड न्हाई झालं.” सगळे हसले. तू असतीस तर आधी हसली असतीस, मग त्याला झाडलं असतंस.

राखणीची काठी अजून दारोदार फिरते. संध्याकाळी ज्यांच्या दाराशी ठेवली, त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी जंगल राखायचं. तुझं-माझं घर मिळून एक पाळी होती. तू गेल्यापासून काठी माझं दार ओलांडून पुढे जाते. एकटीला पाठवायचं नाही, असा नियम. तो मीच लिहिलाय, सुवाच्य अक्षरात. काठी पुढे जाताना दिसली की मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासते. तुझ्या लसणाच्या चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

नियमांचं वेड मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलं. म्हणूनच आपल्या पाळीच्या दिवशी तुझी शेळी चराईबंदीत शिरली, तेव्हा मी सभेत उभी राहून सांगितलं. दुसऱ्या कुणी पाहिलंही नव्हतं. दंड म्हणून तुझा वर्षभराचा चारा बंद झाला, शेळ्या विकून तू पुण्याला मुलाकडे, राहीलकडे गेलीस. मला चक्कर आली म्हणून तू माझ्यासाठी झऱ्यावर पाणी आणायला गेली होतीस, तेवढ्यात शेळी आत गेली, हे मी सांगितलं नव्हतं. तूही सांगितलं नाहीस.

काल सभेत आपली पाळी अश्विनीच्या घराला द्यायचं निघालं. तेव्हा मी उठले आणि पाण्याचं सगळं सांगितलं. “आता सांगता व्हय?” दगडाबाई म्हणाली. खाली बसायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, रजिया पुढच्या गुरुवारी पाळीला येणार आहे. तुला न विचारता. बुधवारी संध्याकाळी काठी माझ्या दाराशी येईल. त्या दिवशी सभेत मी अर्धं खरं बोलले होते, काल पूर्ण खोटं. ते खरं करणं आता तुझ्या हातात आहे. चटणी आण.

तुझीच जोडीदारीण,
भारती