एका फळीपलीकडे झोपणाऱ्याची निरवानिरव

मी, वॉरेन क्रिस परेरा, वय बावीस, धंदा सध्या शोधतोय, राहणार गिरगाव, लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे, आज प्यायलेलो नाय, आणि कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाय. घरातल्या बाकीच्यांच्या अकलेची गॅरंटी मी देत नाय. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाय, कारण याआधी आमच्या घरात एलजीची, म्हणजे मोठ्या छर्ऱ्याची, काडतुसं नव्हती.

तब्येत ठणठणीत आहे. मरायचं कारण एकच, माझा सख्खा काका आग्नेलो अंकल.

आमच्या आजाची बारा बोअरची डबल बॅरल बंदूक आहे, लायसन आता अंकलच्या नावावर. आजा खाडीत बदकं मारायचा, सहा नंबरचं, बारीक छर्ऱ्याचं काडतूस घालून. बदकं संपली, आजा संपला, बंदूक उरली. ती कपाटात आजाच्या लग्नाच्या सुटाशेजारी उभी असायची आणि कोणाचं काही वाकडं होत नव्हतं. मग जानेवारीत वाडीच्या सामाईक नळाच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या. तोट्या अंगणात, बंदूक घरात. त्यात इलेक्शन चालू, म्हणजे बंदूक घरातही नाय, पोलीस स्टेशनात जमा. (इलेक्शनभर मी शांत झोपतो. लोकशाहीचे तेवढे उपकार मानतो.) पण अंकल म्हणाला, "चोराला सगळी खबर असते रे. बंदूक जमा झाली ते बघूनच आला तो."

बंदूक परत आली तसा अंकल काडतुसं निवडायला बसला. लोक मुलगी बघायला जातात तेव्हाही एवढं बघत नाहीत. फोनवरच्या व्हिडिओतला कोण एक अमेरिकन त्याचा गुरू. त्या अमेरिकनचा शेजारी दोन शेतं सोडून राहतो. आपला शेजारी दोन फळ्या सोडून राहतो. पण हे त्या अमेरिकनला कोण सांगणार, आणि अंकलला तर कोणीच नाय.

"अंकल, प्रॅक्टिसला कुठलं?" मी विचारलं.

"आठ नंबर. स्वस्त पडतं. शूटिंग क्लबात मातीच्या तबकड्या फोडायला बास."

"आणि घरात?"

"एलजी! चोर काय मातीची तबकडी आहे?"

"म्हणजे हात बसवणार मोहरीएवढ्या छर्ऱ्यावर, आणि मारणार वाटाण्याएवढा?"

"तू गप रे. दहावी तीनदा दिलीस तू."

दिली. तरी फळ्या मोजता येतात. अंकलने किचनचं जुनं दार कापून तीन फळ्या केल्या, क्लबातल्या कुणाला तरी पटवून एकामागे एक उभ्या केल्या आणि एलजीचा बार काढला. तिन्ही आरपार. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. "बघितलंस? चोर वाचणार नाय!" आता आमचं घर ऐका, सगळं लाकडी. हॉलमध्ये अंकलची खुर्ची. मागे किचन, चोर आला तर तिकडूनच येणार असं अंकलचं ठाम मत. मध्ये फळीचं पार्टिशन, आणि पार्टिशनला लागून, किचनच्या बाजूला, माझी खाट. म्हणजे अंकलच्या आणि माझ्या मध्ये फळ्या किती? एक.

हे मी सांगितलं. अंकल म्हणाला, "मग खाली वाकून झोप."

गेल्या बुधवारी दुपारी शेजारची नॅन्सी आंटी बांगड्याचं कालवण घेऊन किचनच्या दाराने आली. वाडीत कोण दार वाजवतं? आली ती आलीच. खुर्चीत डुलक्या काढणारा अंकल उठला, भरलेली बंदूक पार्टिशनकडे रोखली आणि ओरडला, "कोण आहे?"

"तुझा बाप आहे, मेल्या! सगळं कालवण सांडलं ना माझं!"

मी खाटेवर पालथा पडलेलो. कालवण सांडलं म्हणून ती रडत होती. माझं काय सांडलं असतं ते कोणी विचारलं नाय. म्हणून हे लिहितोय, आणि आज रविवारच्या जेवणानंतर हे सगळ्यांसमोर वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

एक. माझी बँकेतली शिल्लक अंकलच्या बायकोला, जसिंता आंटीला. हसू नकोस आंटी. मम्मी-डॅडी मस्कतला गेल्यापासून मला जेवायला तूच घालतेस, आणि नवऱ्याला "ते लोखंड टाक" एवढं सांगायची हिंमतही वाडीत तुझीच.

दोन. माझी गिटार चुलतबहीण केझियाला, या अटीवर की ती वाजवणार नाय.

तीन. माझे जे फुटबॉल नॅन्सी आंटीच्या गॅलरीत गेले आणि कधीच परत आले नाहीत, ते तिलाच. तसेही तिने कुठे द्यायला ठेवलेत?

चार. ज्याने तोट्या चोरल्या त्याला मी माफ करतो. तू पितळ नेलंस भावा, पण तुझ्यापायी इकडे काय आलंय ते बघ.

पाच. आग्नेलो अंकलला माझी रेफरीची शिट्टी. ही शिट्टी मी त्याच्या दुपारच्या झोपेवर वाजवतो आणि तो ती जप्त करायला वाडीभर माझ्यामागे पळतो. शिट्टी फुंकली की वाडीतल्या सगळ्या आंट्या लाटणी घेऊन बाहेर येतात, हा प्रयोग मी अनेकदा केलाय. एवढं पसरणारं, एवढं अचूक, आणि पार्टिशन न फोडणारं काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाय. मालकी मी मेल्यावर, पण ताबा आजच. अट अशी, की एलजीचा डबा दुकानात परत जाईल. आठ नंबर फक्त क्लबात, तबकड्यांवर. घरात बंदूक रिकामी आणि कुलपात. "मग घरात आठ नंबर ठेवतो" असं अंकल म्हणेल. नको. एवढ्या जवळून मोहरीसुद्धा फोडणीची राहत नाय.

सहा, आणि हे अंकलने नीट ऐकावं. वाडीतल्या प्रत्येक लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदार म्हणून अंकलची सही आहे. कागद दिसला की त्याच्या खिशातलं पेन आपोआप वर येतं. माझा मित्र राजस वकिलाकडे टायपिंग करतो. तो म्हणतो, आपल्यासारख्या ख्रिश्चनांच्या मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही केली, तर त्याचं मिळणं रद्द. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी मोकळी ठेवलीय. अंकल, सही कर आणि एलजी ठेव, म्हणजे माझ्या मरणाची तयारी झाली असं वाडी समजेल. नायतर सही करू नकोस आणि शिट्टी घे. दोन्ही मिळणार नाय.

सात. सही झालीच, तर माझ्या शवपेटीला तरी चार फळ्या लावा. तीन पुरत नाहीत, हे अंकलने स्वतः तपासलंय.

हे मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने आणि केझियाच्या पेनाने लिहिलं.

गिरगाव, मुंबई. रविवार, १५ मार्च २०२६.

सही: वॉरेन क्रिस परेरा

साक्षीदार १: राजस माधव धुरी. माझ्यादेखत सही केली. हसत होता, पण शुद्धीत होता. मला यातून काही मिळत नाय, बरं वाटलं.

साक्षीदार २: ~~आग्नेलो प~~

साक्षीदार २: नॅन्सी डिमेलो. माझ्यादेखतच सही केली. फुटबॉल गेले तरी चालतील.

(समासात, जसिंता परेरा यांच्या अक्षरात: डबा उद्या दुकान उघडलं की परत जाईल. तोवर माझ्या कपाटात, चावी माझ्याकडे. आग्नेलो जेवल्यापासून शिट्टी फुंकतोय, वाडी तीनदा बाहेर आली. बंदुकीचा निदान आवाज तरी नव्हता.)